छत्रीच्या काडीनं कोरलेली गुरं

डॉक्टरीणबाईंनी वरच्या ऑफिसकडे मागितला होता एक दांडगा गडी. बैलाची वेसण धरून उभा राहील, म्हशीनं लाथ झाडली तरी जागचा हलणार नाही, असा. आणि आली मावशी. अंगानं काडीपैलवान, आणि उंची म्हणाल तर अंगणातल्या खोड्याच्या मधल्या दांडीएवढी. खोडा म्हणजे इंजेक्शन देताना जनावर ज्यात उभं करतात ती लोखंडी चौकट.

"तुम्हाला जनावर धरता येईल?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"धरायचं कशाला, बाई? नीट सांगितलं तर उभं राहतं की ते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बाहेर एक मारकी कालवड दोन माणसांना फरफटवत होती, तिच्याकडे त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मावशी गेली, कालवडीच्या तोंडाजवळ चांगली दोन मिनिटं काही न करता उभी राहिली आणि मग कानामागं बोटं घालून खाजवायला लागली. कालवडीनं मान खाली घातली. मावशीचे वडील घोडागाडी हाकायचे. जनावराला आधी तुझा श्वास ऐकू दे आणि मगच हात लाव, ही त्यांची शिकवण. वडिलांनी दुसरं काही मागं ठेवलं नव्हतं, पण एवढ्यावर मावशीची तीस वर्षांची नोकरी निभावली.

दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला मावशीच म्हणायचं, असा अलिखित नियम. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांची असतानाच ती पासष्टीच्या म्हाताऱ्यांची मावशी झाली. तिलाही त्याचं काही वाटलं नाही. घरी तिचा नवरा छत्र्या, कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. त्याला सगळे छत्रीवाले म्हणत, आणि चेष्टेच्या लहरीत असली की तीही "अहो छत्रीवाले" अशीच हाक मारायची.

दवाखाना तीन खोल्यांचा. पुढं औषधांची खोली, तिला लागून लहानशा ऑपरेशनची, मागं सामानाची. अंगणात खोडा, पाण्याचा नळ आणि माणसांसाठी एक बाक. सकाळी आठला मावशी कुलूप काढायची, फरशी धुवायची, सुया उकळत ठेवायची. तोवर बाहेर हंबरणं, बें-बें आणि माणसांचं "माझा नंबर आधी" सुरू झालेलं असायचं.

चित्रांची सुरुवात झाली ती एका घोटाळ्यातून.

केसपेपरवर 'ओळखीच्या खुणा' म्हणून एक रकाना होता. डॉक्टरीणबाई त्यात लिहायच्या, 'काळी म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका.' आता आसपासच्या निम्म्या म्हशी काळ्या आणि कपाळावर ठिपका असलेल्या. एका सकाळी अशा दोन म्हशींच्या केसपेपरांची अदलाबदल झाली. एकीला जंताचं औषध दोनदा मिळालं, दुसरीला एकदाही नाही. पहिलीचं पोट दोन दिवस बिघडलं, यापलीकडे नुकसान झालं नाही, पण मालकिणीनं दवाखान्याच्या दारात उभं राहून जे सुनावलं ते रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं जनावराचं तोंड काढायला लागली. शिंगं कशी वळलीत, कोणता कान फाटलाय, ठिपका गोल आहे की लांबुळका. आठवड्यानं ते डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं.

"हे कुणी काढलं?"

मावशीचा चेहरा पडला. "पुसते लगेच. पेन्सिलीचंच आहे."

"पुसाल तर खबरदार! मला रंग वाचून जनावर ओळखू येत नाही, हे बघून येतं. उद्यापासून प्रत्येक पेपरावर पाहिजे."

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. दुपारी गर्दी ओसरली की स्वतःचं कॉलेजातलं जाडजूड पुस्तक उघडून मावशीला कातडीखाली काय असतं ते दाखवायच्या. "हे बघा, मागचा पाय असा का वाकतो? आत हाड असं बसलंय म्हणून. तुम्ही काढलेला पाय टेबलाचा आहे, गाईचा नाही." मावशीला राग यायचा नाही. सातवीत शाळा सुटल्यापासून तिच्यासमोर कुणी पुस्तक उघडून बसलं नव्हतं. ती घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, "आज बाईंनी मला गुडघा शिकवला."

मग वरच्या ऑफिसकडून पोस्टर आलं. दुभत्या जनावराची कास रोज तपासा, सूज दिसली तर दवाखान्यात आणा, असा चांगला सल्ला होता. पण चित्रातली गाय गुबगुबीत, गुलाबी नाकाची, नुकतीच न्हाऊन पावडर लावून आल्यासारखी. बाकावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "ही बाई आमच्या गोठ्यात टिकायची नाही हो. हिला पंखा लागेल." सल्ला कुणीच वाचला नाही.

त्याच सुमारास ऑपरेशनच्या खोलीत नवी फरशी बसली आणि जमिनीवर चिकटवलेलं रबरासारखं जुनं लिनोलियम उचकटून मागच्या अंगणात टाकलं गेलं. तपकिरी रंगाचं, जाड, औषधांच्या वासानं भरलेलं. डॉक्टरीणबाईंना आठवण झाली की त्यांची एक मैत्रीण चित्रकलेच्या कॉलेजात असल्याच तुकड्यांवर कोरून छाप काढायची.

"कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला काळा उमटतो. मला एवढंच माहीत आहे. पुढचं तुम्ही बघा, मावशी. गाय मात्र आपल्याकडची काढा."

मावशीनं दोन तुकडे सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या चाकूनं कोरायला बसली. पाचव्या मिनिटाला चाकू सटकला आणि अंगठा कापला. छत्रीवाल्यांनी चिंधी बांधून दिली.

"चाकूनं भोपळा चिरतात," ते म्हणाले. "गाय कोरायला वेगळं हत्यार पाहिजे."

ते आपल्या मोडक्या छत्र्यांच्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक काडी उपसली. छत्रीची लोखंडी काडी आतून पोकळ, पन्हळीसारखी असते. तिचा वीतभर तुकडा कापून, टोक दगडावर घासून त्यांनी अशी धार आणली की लिनोलियमवर ती ठेवून ढकलली की लोण्यातून बोट फिरावं तशी चर पडत गेली. जेंट्स छत्रीच्या काडीची जाड रेघ, लेडीज छत्रीची बारीक. एका लहान मुलीच्या छत्रीची काडी तर इतकी नाजूक की तिनं पापणीचे केस कोरता येत. मुठींसाठी त्यांनी छत्र्यांचेच लाकडी दांडे कापले.

थंडीच्या दिवसांत लिनोलियम दगडासारखं कडक व्हायचं, तेव्हा मावशी त्याच्यावरून कोमट इस्त्री फिरवायची. "मी इथं काकडतोय," छत्रीवाले म्हणायचे, "आणि बायको इस्त्री फरशीला करतेय." पण इस्त्रीची वायर तुटली तेव्हा दुसऱ्यांची दुरुस्तीची कामं बाजूला ठेवून त्यांनी आधी तीच जोडली.

शाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यातून मिळाली, डब्याच्या तळाशी उरलेली. रूळ घरीच तयार झाला, लाकडी दांड्याला सायकलची ट्यूब ताणून. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ. छाप उमटवायला मावशीनं भाजीची पळी घेतली आणि तिच्या पाठीनं कागद घासघासून काढला. ती पळी स्वयंपाकघरात परत गेलीच नाही.

पहिला छाप निघाला तो एका ओळखीच्या गाईचा. तिच्या अंगावर शर्टाच्या गुंडीएवढा गोल पांढरा डाग होता म्हणून नाव गुंडी. तिचा मालक सत्तरीचा, हाडाचा शेतकरी. सांगाल त्या गोष्टीवर त्याचं पहिलं अक्षर 'पण'. ऊन पडलं, तर 'पण वारा नाही.' औषध लागू पडलं, तर 'पण उशिरा.' त्यामुळे सगळे त्याला पणआजोबा म्हणत. पणजोबांशी काही संबंध नाही.

मावशीनं गाईच्या खाली 'कास रोज पाहा' अशी अक्षरं कोरली होती. कागद उचलून पाहते तर सगळी उलटी! तिनं कपाळावर हात मारला, तेवढी पट्टी कापून टाकली आणि खाली हातानं लिहिलं. अक्षरं उलटी झाली हे तिला कळलं, पण मग गायही उलटी झाली असणार हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. ते आलं पणआजोबांच्या. भिंतीवरच्या चित्रासमोर कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले.

"शिंगं आमच्या गुंडीची," ते म्हणाले. "मान गुंडीची. कासही तिचीच. पण डाग डाव्या अंगाला पाहिजे. इथं उजव्या अंगाला आहे. ही गुंडी नव्हे. हिची जाऊबाई असेल."

हशा पिकला. मावशी लाजेनं लाल झाली, पण हसणाऱ्यांत तीही होती. आजोबांच्या बायकोनं मात्र तो कागद मागून घेतला. पुढच्या खेपेला ती सांगत आली की चित्र तिनं आरशासमोरच्या भिंतीवर लावलंय. आरशात बघितलं की डाग बरोबर डाव्या अंगाला दिसतो. "आता ह्यांना बोलायला जागाच ठेवली नाही," ती म्हणाली. मावशीला एवढा आनंद झाला की तिनं त्या दिवशी आजींच्या कोंबड्यांना औषधाचे थेंब स्वतः पाजून दिले, एकेकीला, सगळ्या अठरांना.

त्यानंतर मावशी पातळ कागदावर चित्र काढून, तो खिडकीच्या काचेवर पालथा धरून मगच लिनोलियमवर उतरवायला शिकली. आणि मग तिचा हात थांबला नाही. दवाखान्याच्या भिंती भरत गेल्या. आजाराच्या सूचना तर होत्याच, पण हळूहळू नुसतीच चित्रंही आली. नुकतं जन्मलेलं वासरू खांद्यावर टाकून चिखलातून येणारा माणूस. धार काढता काढता म्हशीच्या पोटाला डोकं टेकून डुलकी लागलेली बाई. चाऱ्याच्या घमेल्यात बसून अंडं घालणारी कोंबडी आणि बाजूला ताटकळत उभी राहिलेली शेळी.

एक चित्र दोन भावांचं होतं. वाटणीवरून अबोला, पण बैलजोडी सामाईक. दवाखान्यात दोघं मिळून बैल आणायचे आणि एकमेकांशी बोलायचं झालं तर बैलामार्फत बोलायचे. "ए, त्याला सांग, दावं नीट धर म्हणावं." "ए, त्याला सांग, मला शिकवू नको म्हणावं." मावशीनं दोघांना एकाच बैलाच्या दोन बाजूंना, तोंडं फिरवून उभं केलेलं कोरलं. मध्ये बैल दोघांकडेही न बघता सरळ पुढं बघतोय, जसा काही देवाकडे बदली मागतोय. भाऊ चिडतील अशी तिला भीती होती. पण एक दिवस मोठा येऊन एक प्रत घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी धाकटा. दोघांनीही दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. आणि मग साथ आली.

आधी लांबलांबच्या बातम्या होत्या. मग एका सकाळी खोड्यातल्या बैलाच्या मानेवरून हात फिरवताना मावशीच्या बोटांना गाठ लागली. वाटाण्याएवढी. शेजारी दुसरी. संध्याकाळपर्यंत तशी सात जनावरं झाली. लस आली, पण थोडी, आणि उशिरा. डॉक्टरीणबाई आणि मावशी रबरी बूट घालून गोठ्यागोठ्यात हिंडत होत्या. ताप, गाठी, चाऱ्याला तोंड न लावणारी गुरं. वाचलीही पुष्कळ, पण तीन महिन्यांत त्या एका दवाखान्याच्या हद्दीतली एकसष्ट जनावरं गेली. एकदा एका गोठ्यातून परत आल्यावर डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या खोलीतल्या स्टुलावर बसल्या आणि हातमोजेही न काढता रडल्या. मावशीनं त्यांचे हातमोजे काढले, हात धुवून दिले आणि चहा ठेवला.

साथ ओसरल्यावर दवाखान्यात एक वेगळीच शांतता होती. बाक रिकामा. आणि मग एके दिवशी एक बाई आली, हातात दावं नाही, मागं जनावर नाही.

"मावशी, आमच्या म्हशीचा केसपेपर असेल का? त्याच्या कोपऱ्यात तुम्ही तिचं तोंड काढलं होतं. आमच्याकडे तिचा एक फोटो नाही हो. माणसांचे फोटो काढले, तिचा कुणी काढला नाही."

केसपेपर द्यायची परवानगी नव्हती. मावशीनं सामानाच्या खोलीतले गठ्ठे सोडले, तो कागद शोधला आणि त्या बाईसमोर धरला. बाईनं बोटानं म्हशीच्या शिंगावरून रेघ ओढली. म्हणाली, "हे शिंग शेवटी जरा आत वळायचं. कानाला घासायचं. मी दर महिन्याला तिथं तेल लावायचे."

मावशीनं तिथंच ठरवलं. गेलेल्या प्रत्येक जनावराचा छाप काढायचा आणि ज्याच्या त्याच्या घरी द्यायचा. एकसष्ट.

"एकसष्ट?" छत्रीवाले म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उंबऱ्याशी नव्यानं धार लावलेल्या पाच काड्या सापडल्या.

रोज ड्यूटी संपली की चार ते सहा, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. लिनोलियम कमी पडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वरच्या ऑफिसला पत्र लिहून औषधांच्या खोलीतली फरशीही बदलून घेतली. पत्रात लिहिलं होतं, 'पाय घसरतो.' तिथं आजवर कुणाचाही पाय घसरलेला नव्हता.

केसपेपरवरून मावशी कच्चं चित्र काढायची आणि घरच्या माणसांना बोलवायची. ती माणसं यायची, बाकावर बसायची आणि दुरुस्त्या सांगायची. कान एवढा उभा नव्हता. पाठीवर कावळा बसलेला दाखवा, तो रोज असायचा. एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, आमची गाय हसायची. तिची आई म्हणाली, काहीतरीच काय, गाय कधी हसते? मुलगी म्हणाली, तू नसताना हसायची. मावशीनं तोंडाची रेघ एका बाजूला जराशी वर नेली. मुलीनं मान हलवली, हो, असंच.

मावशीला आधी वाटलं होतं, ही माणसं रडतील आणि आपल्याला सोसवणार नाही. रडायचीही. पण रडून झालं की सांगायला लागायची, आणि सांगता सांगता हसायची. कुठली गाय कुणाच्या लग्नाचा मांडव खाऊन गेली, कुठला बैल मालक दमलेला दिसला की आपणच घराच्या रस्त्याला लागायचा. घरी परतताना मावशीला वाटायचं, आपण हे चित्र देतोय म्हणतो, पण खरं तर रोज पदर भरून आपणच काहीतरी घेऊन चाललोय.

पणआजोबा बरेच दिवस आले नाहीत. गुंडी साथीच्या पहिल्याच आठवड्यात गेली होती. मावशीनं तिचा छाप न मागता तयार ठेवला होता, डाग डाव्या अंगाला. एका दुपारी ते आले. दोन्ही गालांवर कापल्याच्या खुणा.

"आजोबा, गालाला काय झालं?"

"दाढी करतो आरशापुढं," ते म्हणाले. "मागं भिंतीवर ती दिसते. मग हात कुठं जातो ते कळत नाही."

"मग तो कागद दुसरीकडे लावा ना."

"आमची हीसुद्धा तेच म्हणते. पण काढवत नाही."

मावशीनं नवा छाप आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. डाग तपासला. शिंगं तपासली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काही चूक नाही. पण मावशी..." आणि त्यांनी गाईच्या पायांवर बोट ठेवलं. "पण ही उभी आहे. उभी दिसली की मला वाटतं, धार काढायची राहिली. मी उठायला लागतो. बसलेली काढाल का? पोटभर खाऊन, रवंथ करत बसलेली?"

मावशीनं मान डोलावली.

बसलेली गाय कोरणं सोपं नाही. पाय अंगाखाली दुमडलेले, वजन एका कुशीवर, पोटाचा फुगीर भाग जमिनीला टेकून पसरलेला. मावशीनं डॉक्टरीणबाईंकडून ते पुस्तक मागून घेतलं. दोन तुकडे वाया गेले. तिसऱ्या खेपेला गुंडी बसली. डोळे अर्धे मिटलेले, जबडा एका बाजूला सरकलेला, शेपूट गोल वळवून पायाशी. तो छाप मावशी स्वतः घेऊन गेली. आजोबांनी तो खाटेसमोरच्या भिंतीवर लावला. आजींनी तिला दाराशी गाठून हळूच सांगितलं, "काल दुपारी पहिल्यांदा झोपले. दोन तास." मावशी घरापर्यंत सायकल न चालवता, हातात धरून चालत गेली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी शेतकी कॉलेजनं त्या सगळ्या छापांचं प्रदर्शन भरवलं. डॉक्टरीणबाईंनीच खटपट केली होती. लोकांनी आपापल्या घरच्या भिंतींवरून चित्रं काढून आणून दिली, कुणी फडक्यात गुंडाळून, कुणी उशीच्या अभ्र्यात. उद्घाटनाला तीन टेम्पो भरून माणसं आली आणि आल्याबरोबर पाहुण्यांना आपापलं जनावर दाखवत सुटली. दोघे भाऊ आपल्या चित्राच्या दोन बाजूंना उभे राहिले, तोंडं फिरवून. पण एका बाईनं विचारलं, हा बैल कुणाचा, तेव्हा दोघं एकदम म्हणाले, "आमचा."

चित्रकलेचे एक मास्तर मोठ्या कॉलेजातून आले होते. ते प्रत्येक छापापाशी नाक लावून बघत होते. काळ्या भागात अधूनमधून लहान गोल पांढरे ठिपके होते, ते पाहून त्यांनी विचारलं, "हे चंद्र फार सुंदर आहेत. प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी. काय कल्पना आहे यामागं?"

"ते होय?" मावशी संकोचून म्हणाली. "तो डॉक्टरीणबाईंच्या स्टुलाचा पाय आहे. जुन्या फरशीला खड्डे पडले होते, तिथं शाई लागत नाही."

मास्तर खो खो हसले आणि मग त्यांनी वाकून मावशीला नमस्कार केला. ती दोन पावलं मागं सरली.

तिला बोलायला उभं केलं. कागदावर लिहून आणलेलं सगळं विसरली. माइक दोन्ही हातांनी दाव्यासारखा घट्ट धरून तिनं सांगितलं, "मला भाषण येत नाही. यात माझं काय आहे हे मी काल मोजायला बसले होते. जनावरं तुमची. फरशी दवाखान्याची. हाडं बाईंनी शिकवली. काड्या आमच्या ह्यांच्या. शाई छापखानेवाल्या काकांची. आता उरली पळी. ती माझी आहे." लोक हसले. ती हसली नाही. "जनावर हलतं. पण माझ्यासाठी ती उभी राहिली. त्यांचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही. तुमच्याकडे जी आहेत त्यांना जपा. एवढंच."

छत्रीवाले शेवटच्या रांगेत बसले होते. शेजारच्या माणसानं विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, "मी काडीवाला." आणि रुमाल शोधायला लागले.

मास्तरांनी नंतर खऱ्या कोरण्यांचा एक संच पाठवला, लाकडी पेटीत. मावशी तो कोंबड्यांच्या पिसांसाठी वापरते आणि मनापासून वापरते. बारीक रेघ फार देखणी येते म्हणते. गुरांसाठी मात्र अजून छत्रीची काडीच.

ती निवृत्त झाली त्याला आता पाच वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, पण दर दोन-तीन महिन्यांनी त्या येतात, मावशीच्या ओट्यावर बसून नव्या छापातले पाय तपासतात आणि चुका काढतात. साथीतून वाचलेल्या गाईंना आता नाती-पणत्या झाल्यात. आणि लोकांना एक सवय लागली आहे, जनावर जिवंत असतानाच मावशीला बोलवायची. आठवड्यातून एकदोनदा कुणाचा तरी निरोप येतो. मग छत्रीवाले सायकल काढतात, मावशी मागं बसते, मांडीवर कागदांची पिशवी.

परवा ती अशीच एका मळ्यात गेली होती. घरच्या सुनेनं पालथी बादली आणून दिली, तिच्यावर मावशी बसली. समोर एक शेळी, पिंगट, दाढीवाली, भारी चौकस. पेन्सिल चालायला लागली. कपाळ झालं, कान झाले, दाढीही झाली. डोळा काढायला म्हणून मावशीनं मान वर केली, तोवर शेळी दोन पावलं पुढं आली, कागदाचा वास घेतला आणि कोपरा तोडून शांतपणे चघळायला लागली.

"अगं बाई!" सून धावत आली. "चित्र खाल्लं की हो तिनं! किती छान आलं होतं!"

"खाऊ दे, खाऊ दे," मावशी डोळे पुसत, हसत म्हणाली. "आवडलं असेल तिला." आणि पिशवीतून तिनं दुसरा कागद काढला.